कॅमेरा हलका करायचाय? आधी लेन्सचं वजन बघा

हतनूरला पक्षी टिपताना किंवा तोरणमाळला भटकताना जड किट नकोसं झालं असेल, तर नुसती बॉडी बदलून फारसं हाती लागत नाही. मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेम मिररलेसची (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची) बॉडी छोटी झाली तरी तिच्या टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या, लेन्स जडच राहतात. मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरच्या प्रकारात सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, त्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ६०० इतकी चौकट देते. पक्ष्यांसाठी हे फारच मोलाचं! बदल्यात त्याच चौकटीत एफ/२.८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) पार्श्वभूमी फुल-फ्रेमच्या एफ/५.६ इतकीच धूसर होते (एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, मात्र एफ/२.८ चंच), आणि पाटणादेवीच्या झाडीत संध्याकाळी नॉइज (फोटोतले दाणे) लवकर दिसतो. माणसांचे पोर्ट्रेट जास्त काढत असाल तर मला या दोहोंच्या मधल्या आकाराचा एपीएस-सी सेन्सर बरा वाटतो.

जुनं विकण्याआधी तुमच्या आवडत्या फोटोंची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा) तपासा, ती फाइलच्या माहितीत असते. बहुतेक फोटो एकाच टप्प्यातले निघाले, तर त्या टप्प्याची एकच लेन्स पुरते. मिररलेसची बॅटरी आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यापेक्षा लवकर उतरते, जादा एक हवीच. आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात धूळ उडत असताना लेन्स बदलू नका. आरसा नसल्याने बऱ्याच बॉडींत सेन्सर उघडाच पडतो.