त्रिनिदादला सेवेसाठी जाणाऱ्या धर्मगुरूने सणांचे वर्ष कसे आखावे

पुण्यातून त्रिनिदादला उपासनासेवेसाठी निघालेल्या धर्मगुरूने सर्वप्रथम पुनरुत्थानाच्या सणाची (ईस्टरची) तारीख वहीत लिहावी आणि तेथून मागे मोजत जावे, कारण निम्मे वर्ष तिच्यावरच अवलंबून असते. २०२७ मध्ये हा सण २८ मार्चला आहे. त्यामुळे राखेचा बुधवार, म्हणजे सणाआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला येतो आणि त्याआधीचे सोमवार-मंगळवार हे तेथील कार्निव्हलचे, म्हणजे रस्त्यावरच्या नाच-गाण्याच्या उत्सवाचे, दिवस ठरतात. रात्रभर रस्त्यावर नाचलेली माणसे बुधवारी कपाळावर राख लावून घ्यायला येतात, तेव्हा त्यांना दटावू नये. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून राख मात्र आधीच तयार ठेवावी.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या पवित्र आठवड्यात त्रिनिदादमधल्या सिपारिया गावच्या देवालयात अवश्य जावे. तेथील मरियामातेच्या मूर्तीला, भारतातून मजुरीसाठी गेलेल्या पूर्वजांचे हिंदू वंशज ‘सिपारी माई’ म्हणतात आणि पवित्र गुरुवारी व शुभ शुक्रवारी तिच्या दर्शनाला येतात. मराठी माणसाला ‘माई’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, म्हणून त्यांच्याशी आपुलकीने बोलावे. माझ्या मते सेवेची खरी सुरुवात तेथेच होते.

नाताळाआधीच्या आगमनकाळात संध्याकाळच्या सभा कमी ठेवाव्यात. त्या दिवसांत पारांगची, म्हणजे तेथील नाताळच्या लोकगीतांची, गायक मंडळी क्वात्रो हे तंतुवाद्य घेऊन स्पॅनिश गीते गात घरोघरी फिरतात. पुण्यातल्या पंचहौदच्या देवालयात मराठी नाताळगीते गाणाऱ्याने त्यांच्याबरोबर निदान एक घर तरी करावे.