मूल सांगेल तसा चालणारा रोबो: संगणकाशिवाय अल्गोरिदम कसा शिकवावा

अल्गोरिदम म्हणजे एखादं काम पार पाडण्यासाठी क्रमाने दिलेल्या नेमक्या सूचना. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना तो शिकवायला स्क्रीन लागत नाही. खडू, कागदाचे तुकडे आणि रोबो व्हायला तयार असलेलं एक मोठं माणूस एवढं पुरतं.

१. जमिनीवर ५ × ५ घरं आखा. एका कोपऱ्यात रोबो, दुसरीकडे खेळणं, मध्ये दोन-तीन घरांत उशा. मुलाने कार्डांनी सूचना देऊन रोबोला उशा टाळत खेळण्यापर्यंत न्यायचं.

२. कार्डं तीनच प्रकारची करा, पण प्रत्येकाच्या भरपूर प्रती काढा: ‘एक घर पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. वळणं म्हणजे जागेवरच तोंड फिरवणं, पाऊल टाकायचं नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण समोर उभ्या मुलाची डावी बाजू रोबोची उजवी असते. मुलाला रोबोच्या मागे उभं करा. १९६७ साली संगणकतज्ज्ञ सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाला सूचना देण्याची भाषा तयार केली. त्यात सूचनांप्रमाणे फिरणारं एक ‘कासव’ असतं. त्याला वळवताना अडलं, तर मुलांनी स्वतः कासव होऊन चालून बघावं, असं पेपर्ट सुचवत. ही युक्ती इथेही चालते.

३. आधी सगळी कार्डं ओळीत लावायची, मगच रोबो हलणार. मधेच “अरे, इकडे!” चालणार नाही. हा नियम ढिला पडला की उरतो तो नुसता रिमोट कंट्रोल. पुढचा विचार आधी करण्याची गरजच संपते.

४. रोबो झालेल्यांनी समजूतदारपणा बाजूला ठेवावा. कार्ड उशीवर नेत असेल तर उशीपाशी थांबून “अडलो” एवढंच म्हणा. डोळ्यांनीही इशारा नको. (मोठ्यांना हे भलतंच जड जातं.)

५. चूक निघाली की मुलं सगळी कार्डं गोळा करू लागतात. थांबवा. रोबो पुन्हा सुरुवातीला, मुलाचं बोट पहिल्या कार्डावर. एकेक पाऊल, एकेक कार्ड. रोबो जिथे पहिल्यांदा भलतीकडे गेला, तेवढंच कार्ड बदला आणि पुन्हा चालवून बघा. प्रोग्रामर चूक शोधतात ती साधारण अशीच.

६. सलग चार ‘पुढे’ लावून मूल कंटाळलं की ‘४ वेळा’ हे कार्ड हातात द्या. लूपची, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा करायला सांगण्याची, ओळख त्याआधी करून देऊ नका, तिची गरजच जाणवत नाही. ‘उशी असेल तर’ हे अटीचं कार्ड आणखी नंतर.

दोन मुलांचे रस्ते वेगळे निघाले आणि दोन्ही खेळण्यापर्यंत पोहोचले, तर दोन्ही बरोबर. मग कुणाला कमी कार्डं लागली, ते मोजू द्या.