लेझर प्रिंटर: शब्दांची गल्लत आणि फुकटचा खर्च, या चुका टाळा

"टोनर संपलाय" हे इतक्यांदा ऐकलंय की आता माझा त्यावर विश्वासच बसत नाही. काळी रेघ आली, टोनर. प्रिंट पुसट आली, टोनर. बोट फिरवलं की अक्षरं पुसली जातात, तरी टोनरच! अहो टोनर म्हणजे नुसती पावडर, बारीक प्लॅस्टिक आणि रंग. लेझर ड्रमवर (आतल्या फिरणाऱ्या रोलरवर) अक्षरं काढतो ती विजेच्या भाराने, त्या भाराला पावडर चिकटते, तिथून कागदावर येते आणि शेवटी फ्युझर, म्हणजे तापणारा भाग, साधारण 200 अंशांना ती वितळवून दाबून बसवतो. म्हणजे बोटाने पुसली जात असेल तर टोनर भरपूर आहे, फ्युझर कमी पडतोय. त्यातही लगेच फ्युझर बदलायला धावू नका, जाड कागद घालून सेटिंगमध्ये "प्लेन" ठेवलंय का ते आधी बघा, बऱ्याचदा तेवढंच निघतं.

मी स्वतः शहाणा नव्हतो. प्रत्येक पानावर एकच बारीक ठिपका, तोही एकाखाली एक तीनदा. नवीन टोनर मागवला, घातला, ठिपका तिथेच. त्या मॉडेलमध्ये ड्रम वेगळा असतो हे डोक्यातच नव्हतं (बऱ्याच छोट्या प्रिंटरमध्ये तो टोनरच्या कार्ट्रिजमध्येच येतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो). मग पट्टी लावून अंतर मोजलं तर 94 मिमी. 30 मिमी व्यासाच्या ड्रमचा घेर बरोबर तेवढाच, म्हणजे ड्रमवर ओरखडा, तो फिरेल तसा ठिपका उमटणार. प्रत्येक रोलरचा घेर वेगळा असतो आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता मिळतो, सो आधी पट्टी, मग ऑर्डर.

दुसरा घोळ ड्रायव्हरचा, म्हणजे कॉम्प्युटरचं काम प्रिंटरच्या भाषेत सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा. पानंच्या पानं कचरा छापून येतो आणि पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह, पुढे पीएस असं दिसतं, तर प्रिंटर बिघडलेला नाही. कॉम्प्युटर पोस्टस्क्रिप्टमध्ये बोलतोय आणि प्रिंटरला ती भाषा कळत नाही, त्याला कदाचित पीसीएलच येते, मग तो बिचारा कोडच अक्षर म्हणून छापतो. ड्रायव्हर बदला. आणि घाबरून नुसता प्रिंटर बंद-चालू करू नका, काम अजून कॉम्प्युटरच्या स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, बसलेलं असतं, चालू केला की पुन्हा तेच. आधी प्रिंटर बंद, मग रांग रिकामी, मग चालू.

डीपीआयचंही (एका इंचात किती ठिपके) तसंच, 300 चं 600 केलं की डेटा दुप्पट नाही, चौपट होतो, कारण ठिपके आडवेही वाढतात आणि उभेही. काळ्या-पांढऱ्या ए4 पानाचा ठिपक्यांचा नकाशा 1 एमबीच्या थोडा वर असतो तो 4 एमबीच्या पुढे जातो, आणि जुन्या प्रिंटरवर मेमरीचा एरर येतो तो यामुळे. आणि टोनरच्या खोक्यावरची पानांची संख्या साधारण 5 टक्केच भाग छापलेल्या पानांसाठी असते, फोटो छापून तेवढी पानं मोजत बसू नका.

हो, ड्रम बाहेर काढलात तर उजेडात ठेवू नका, वर जाड कापड टाका. आणि टोनर कपड्यावर सांडला तर झटका, मग गार पाणी. गरम पाणी लावलंत तर पावडर तिथेच चिकटून बसेल, म्हणजे शर्टावर तुम्ही स्वतःच फ्युझर चालवलात.