पेरूला चाललाय? माचूपिचू, कुस्को आणि ॲमेझॉन एकाच टूरमध्ये करताना या चुका टाळा

पेरूला चाललोय म्हटल्यावर आमच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे "मीठ-तिखट घेतलंस का?" हा जोक तुम्हालाही किमान दहा जण मारणार आहेत, तयारीत राहा. बाकीची तयारी मात्र आमची अर्धवट होती आणि त्याची किंमत मोजली, म्हणून हे लिहितेय.

आम्ही मे महिन्यात गेलो, चौदा जणांचा ग्रुप, सोबत टूर मॅनेजर, पंधरा दिवस. लिमा, कुस्को, सेक्रेड व्हॅली, माचूपिचू (डोंगरावरच्या इंका शहराचे अवशेष) आणि शेवटी ॲमेझॉनचं जंगल. ब्रोशरमध्ये ही एक ट्रिप दिसते, पण खरं तर तीन वेगवेगळ्या ट्रिपा एकमेकींना शिवलेल्या आहेत. समुद्रकाठचं शहर, साडेतीन हजार मीटरवरचे डोंगर, आणि परत खाली येऊन दोनशे मीटरवरचं दमट जंगल. आमचं जे काय फाटलं ते सगळं शिवणीवर फाटलं, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना. तेव्हा कंपनीला प्रश्न विचारायचे ते तिथलेच विचारा, हॉटेल किती स्टार वगैरे नंतर.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: कुस्कोला उतरल्या उतरल्या सिटी टूर

कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक. लिमा समुद्रसपाटीला. तिथून विमानात बसलात की सव्वा-दीड तासात तुम्ही थेट तिथे वर, मध्ये घाट नाही, थांबा नाही, शरीराला काय चाललंय कळायला वेळच नाही. आम्हाला सकाळी उतरवलं आणि दुपारी दोनला सिटी टूर. संध्याकाळपर्यंत चौदातले सहा जण आडवे. माझे सासरे, जे रोज सकाळी टेकडी चढतात, ते एका गल्लीत दगडी भिंतीला टेकून खालीच बसले. रात्री हॉटेलवर बॅग उघडली तर चिवड्याचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं, आणि सनस्क्रीनचं झाकण उघडलं तर निम्मी ट्यूब आपोआप पलंगपोसावर! हवेचा दाब कमी झाला की असं होतं. त्या पाकिटाकडे बघून कळलं की आपल्या डोक्यात काय चाललंय.

उपाय सोपा आहे. कंपनीला एकच प्रश्न विचारा, "कुस्को एअरपोर्टवर उतरल्यावर पहिली रात्र कुठे?" उत्तर उरुबांबा किंवा ओयान्तायताम्बो असं यायला हवं. ही सेक्रेड व्हॅलीतली गावं २,८०० ते २,९०० मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे उतरून गाडीत बसायचं आणि खाली जायचं. तिथे दोन रात्री, मग माचूपिचू, जे २,४३० मीटरवरच आहे (लोकांना उगाच वाटतं की ते सगळ्यात उंच असेल), आणि मग परत येताना कुस्को. तोपर्यंत शरीर रुळलेलं असतं. प्रोग्राम आधीच छापून झालाय आणि कुस्कोतच राहावं लागणार असेल तर निदान पहिला दिवस कोरा मागा. जेवण हलकं, पाणी भरपूर, आणि तिथल्या प्रसिद्ध पिस्को सावर कॉकटेलचा (दारू असते त्यात) ग्लास तिसऱ्या दिवशी. लेहला जाऊन आलेल्यांना हे सगळं पाठ असतं, पण पेरूचं ब्रोशर बघताना उंचीचा विचार मनातच येत नाही.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच विचारा. टूर मॅनेजरच्या पाकिटातली गोळी उसनी घेऊ नका. डोकं दुखणं, झोप न लागणं हे बऱ्याच जणांना होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जातोय किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर "चहा घे, बरं वाटेल" करत बसू नका. लगेच डॉक्टर, आणि खाली उतरायचं. हॉटेलातला ऑक्सिजनचा सिलिंडर तेवढ्यापुरता असतो.

आणि हो, "रेनबो माउंटन ऑप्शनल" असं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिहिलेलं असेल तर सरळ नाही म्हणा. ते ५,००० मीटरच्या वर आहे.

माचूपिचूचं तिकीट "इनक्लुडेड" आहे म्हणजे नक्की काय?

इथे फसायला होतं. माचूपिचूत आता मनाला येईल तसं फिरता येत नाही. २०२४ पासून तीन सर्किट आणि त्यात दहा रूट केलेत, तिकिटावर तारीख, वेळ आणि रूट छापलेला असतो आणि गार्ड त्याच रस्त्याने सोडतात. ढोबळ मानाने सर्किट १ वरच्या बाजूचं, म्हणजे तो जगप्रसिद्ध फोटो मिळतो पण खालच्या अवशेषांमध्ये फिरता येत नाही. सर्किट २ म्हणजे फोटो पण आणि अवशेषांमधून चालणं पण. सर्किट ३ खालच्या भागातलं, चढ कमी, पण तो वरून दिसणारा फोटो विसरा. आमच्याबरोबर ट्रेनमध्ये दुसऱ्या ग्रुपमधली एक फॅमिली होती, त्यांना सर्किट ३ मिळालं होतं आणि ते गेटवर गेल्यावर कळलं. इतक्या लांब येऊन! कोणाचे गुडघे दुखत असतील तर सर्किट ३ वाईट नाही, पण ते आपण ठरवून घ्यावं, कंपनीला शेवटी उरलं म्हणून नको. पैसे भरतानाच ईमेलवर सर्किट लिहून घ्या. मे ते ऑगस्टमध्ये सर्किट २ लवकर संपतं.

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते कधी येतं कधी गळतं, त्यामुळे बुकिंगची पीडीएफ स्वतः उघडून एकेक अक्षर आणि पासपोर्ट नंबर तपासा. ओरिजिनल पासपोर्ट बरोबर हवाच. आत टॉयलेट नाही, ते गेटबाहेर आहे आणि एकदा बाहेर आलं की परत आत सोडत नाहीत, तेव्हा आधी जाऊन या, नसेल लागली तरी.

सकाळी सहाचा पहिला स्लॉट भारी असा सगळ्यांचा समज असतो. बऱ्याचदा त्या वेळी समोर नुसता पांढरा पडदा असतो, ढग नंतर हळूहळू उचलतात. मला विचाराल तर आठ-नऊचा स्लॉट घ्या.

अजून एक. तिथे संप आणि रास्ता रोको होतात, रेल्वे बंद पडते. २०२३ च्या जानेवारीत तर आंदोलनांमुळे माचूपिचूच काही आठवडे बंद होतं. म्हणून माचूपिचू ट्रिपच्या शेवटच्या दोन दिवसांत ठेवलेलं असेल तर बदलून मागा, मागे एक-दोन दिवस हलवायला जागा पाहिजे.

मोठी सूटकेस

ओयान्तायताम्बोहून माचूपिचूच्या पायथ्याच्या गावाला ट्रेननेच जावं लागतं, गाडीरस्ता नाहीये, आणि ट्रेनमध्ये एक छोटी बॅगच चालते. जंगलातही तेच, होडीने जायचं असतं. आमच्याकडे तीन महाकाय सूटकेस आणि एकही सॅक नाही, मग ओयान्तायताम्बोच्या हॉटेल लॉबीत सगळं कुटुंब जमिनीवर बसून कपडे उपसतंय आणि ट्रेनला चाळीस मिनिटं. औषधं, स्वेटर, रेनकोट आणि एक जोडी कपडे बसतील अशी सॅक प्रत्येकाची वेगळी ठेवा, मोठी बॅग हॉटेलवर राहू द्या. फक्त एवढं बघा की तुम्ही परत त्याच हॉटेलवर येणार आहात!

"चर्च काय, ओल्ड गोव्यात बघितलीत की"

हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये तीनदा ऐकलं. ओल्ड गोवा आणि हे साधारण एकाच काळातलं हे खरं, तिकडे पोर्तुगीज, इकडे स्पॅनिश. पण कुस्कोत मजा वेगळी आहे. कोरीकांचा हे इंका लोकांचं सूर्यमंदिर, स्पॅनिशांनी त्याच्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग कोसळला आणि खालच्या इंका भिंती जिथल्या तिथे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड घासून बसवलेला, भिंत किंचित आत कललेली. मी फटीत नख घालून बघायला गेले आणि गाईडने हात मागे घ्यायला लावला, बरोबरच आहे. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताचं 'लास्ट सपर'चं चित्र आहे, त्यात येशूसमोरच्या ताटात चक्क कुय आहे, म्हणजे तिथे खातात तो गिनीपिग. हे गाईडने दाखवलं नाही तर अंधारात दिसतही नाही, आणि आत फोटो काढू देत नाहीत.

प्रॉब्लेम तिकिटांचा होतो. कुस्कोचं जे "बोलेतो तुरिस्तिको" नावाचं एकत्र तिकीट आहे त्यात साक्सायवामान, पिसाक, ओयान्तायताम्बो वगैरे येतात, पण कोरीकांचा आणि कॅथेड्रल येत नाहीत. कंपनी "सर्व प्रवेश फी समाविष्ट" म्हणते तेव्हा ही दोन नावं घेऊन विचारा. आणि लिमाला नुसतं झोपायला जाऊ नका, एक पूर्ण दिवस द्या. १५३५ साली स्पॅनिश सरदार पिझारोने वसवलेलं शहर, जुन्या भागात लाकडी झाकलेल्या बाल्कन्या, सान फ्रान्सिस्कोच्या मठाखाली हाडांची तळघरं. आणि मिराफ्लोरेसच्या बिल्डिंगांच्या मधोमध उवाका पुक्याना, इंकांच्याही कित्येक शतकं आधीचा मातीच्या विटांचा पिरॅमिड, विटा कपाटात पुस्तकं लावावीत तशा उभ्या. भूकंपात हलायला जागा राहावी म्हणून.

जंगलात ताडोबा शोधू नका

ॲमेझॉनसाठी बहुतेक टूर पुएर्तो माल्दोनादोला नेतात, कुस्कोहून विमानाने तासाभरात, आणि तिथून होडीने तांबोपाताच्या जंगलातल्या लॉजवर. पहिली चूक दोन रात्रींची. हिशोब करा, पहिल्या दिवशी पोचेपर्यंत दुपार सरते, तिसऱ्या दिवशी पहाटे परत निघायचं, म्हणजे हातात पूर्ण दिवस एकच. त्या दिवशी पाऊस लागला की संपलं. तीन रात्री मागा. लॉज नक्की कुठे आहे तेही विचारा, कारण गावाजवळच्या लॉजवरून मकाव पोपटांचा मातीचा कडा प्रोग्राममध्ये असेलच असं नाही, आणि तोच तर बघायचाय.

तो कडा म्हणजे नदीकाठची उघडी लालसर माती, त्यातलं सोडियम खायला पोपट येतात. आम्ही पहाटे साडेचारला होडीत. आधी झाडावर बारीक हिरवे पोपट जमले, मग मोठे लाल-निळे मकाव जोडीजोडीने आले आणि वर फांद्यांवर बसून राहिले, अर्धा तास, पाऊण तास, कोणी खाली उतरेना. तेवढ्यात आमच्यातले एक काका भगभगीत नारिंगी जॅकेट घालून फोटोसाठी ताडकन उभे राहिले. सगळा थवा उडाला! परत जमायला तास गेला, पण जमले, आणि मग कडा असा काही रंगला की काका स्वतःच रडवेले झाले. तर कपडे मातकट रंगाचे, आणि बूड हलवायचं नाही.

बाकी प्राणी जिप्सीतून दिसतात तसे दिसत नाहीत. जग्वार नशिबाचा भाग आहे, "दिसला का, दिसला का" करत गाईडचं डोकं खाऊ नका. हे जंगल आधी ऐकू येतं, पहाटे हाउलर माकडांचा आवाज म्हणजे लांब कुठेतरी वादळ उठलंय असं वाटतं. रात्रीच्या फेरीला कंटाळा करून झोपू नका. पावसाळ्यात आंबोलीला बेडूक बघायला गेला असाल तर हे तसंच, पण कितीतरी पट. नदीत टॉर्च मारला की केमनचे, म्हणजे तिथल्या मगरीच्या भाईबंदांचे, डोळे निखाऱ्यासारखे. एका बिळापाशी गाईडने बारीक काडी हलवली आणि हातभर अंतरावर तळहाताएवढा टॅरंटुला बाहेर. सासरे म्हणाले, "पैसे वसूल."

गमबूट लॉजवर मिळतात, पण लांब जाड मोजे आपले न्या नाहीतर पोटऱ्या सोलवटतात. डासांसाठी वीस-तीस टक्के डीट असलेलं रिपेलंट घ्या, फक्त ते चष्म्याच्या प्लास्टिक फ्रेमला किंवा घड्याळाच्या पट्ट्याला लावू नका, प्लास्टिक विरघळतं. आणि मे ते ऑगस्टमध्ये एक स्वेटर जंगलातही न्या. दक्षिणेकडून थंड हवा घुसते, तिला तिकडे "फ्रियाहे" म्हणतात, एका रात्रीत पारा धाडकन खाली येतो आणि बऱ्याच लॉजच्या खोल्यांना चौथी भिंतच नसते.

यलो फीव्हरचं कार्ड

जाताना पेरू आपल्याकडे हे लसीचं कार्ड मागत नाही म्हणून लोक सोडून देतात. पण परत येताना आपणच मागतो! पेरू यलो फीव्हरच्या यादीत आहे, कार्ड नसेल तर मुंबई एअरपोर्टवर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, आणि एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधी बोला, केंद्रावर रांगेत नाही. व्हिसाचं म्हणाल तर अमेरिका, शेंगेन, यूके, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा लागत नाही, पण बुकिंगआधी दूतावासाच्या साइटवर ताजा नियम बघा. विमान अमेरिकेतून जात असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकन व्हिसा लागतो, हे स्वस्त तिकीट घेतल्यावर कळून उपयोग नाही.

शाकाहारी लोकांनो, "कार्ने नाही" एवढंच सांगितलं तर चिकन येऊ शकतं, कारण कार्ने म्हटलं की समोरच्याला लाल मटणच कळतं. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो." भाजीच्या सूपमध्येही कोंबडीचं पाणी असतं, तेही विचारा. बटाट्याच्या तर माहेरीच आलोय, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही.

शेवटचं, कोका पानांचा चहा तिकडे सगळीकडे मिळतो आणि कायदेशीर आहे, तिथेच प्या. त्याच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, पेरूबाहेर बऱ्याच देशांत तो अमली पदार्थाचा मामला होतो. त्यापेक्षा मारासच्या मिठागरांतलं गुलाबी मीठ आणा, डोंगराच्या उतारावर तीन हजारांवर छोटे वाफे आहेत, झऱ्याच्या खारट पाण्याचे. आम्ही दोन पाकिटं आणली. एक काकांना दिलं, ते आता पेरूच्या फोडींवर तेच घालतात.