शेक्सपिअरकालीन इंग्रजी शब्द कसे वाचावेत
शेक्सपिअरची नाटके किंवा १६११ चे किंग जेम्स बायबल वाचताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांपासूनच अधिक सावध राहावे, कारण त्यांचा अर्थ बदललेला असूनही कोश उघडावा असे आपल्याला वाटत नाही. ज्युलिएट ‘व्हेअरफोर’ (wherefore, म्हणजे ‘का’) म्हणते तेव्हा रोमिओ कुठे आहे असे नव्हे, तर तो रोमिओच, म्हणजे वैऱ्याच्या घराण्यातला, का असावा असे ती विचारते. ‘दाऊ’ (thou, तू) आणि ‘यू’ (you, तुम्ही) यांतील निवड तर नाटकातील प्रत्येक संवादात तपासावी. आपल्या तू-तुम्हीप्रमाणे तिच्यातून सलगी, मान किंवा तुच्छता कळते आणि एखादे पात्र मध्येच ‘दाऊ’वर उतरले, तर बहुधा राग किंवा माया उफाळलेली असते. शंका आल्यास ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत त्या काळातील अवतरणासह दिलेला अर्थ पाहावा.