वगळलेले दृश्य व्यक्तिरेखेला उपकारक की अपायकारक, हे कसे ठरवावे

चित्रपटातून वगळलेले एखादे दृश्य नंतर डीव्हीडीवर किंवा यूट्यूबवर पाहताना 'इतके चांगले दृश्य का कापले असेल?' असा प्रश्न हमखास पडतो. मात्र दृश्य चांगले असणे आणि त्याने व्यक्तिरेखेच्या प्रवासाला बळ मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उत्तम अभिनय असलेले दृश्यही व्यक्तिरेखेची वाट चुकवू शकते आणि एखादे साधे, जवळजवळ कोरडे दृश्य नसल्यामुळे पुढचा अर्धा चित्रपट अधांतरी राहू शकतो. म्हणून वगळलेल्या दृश्याचा निवाडा त्या दृश्यापुरता करू नये. ते पुढच्या दृश्यांचे काय करते, हे पाहावे.

सुरुवात प्रदर्शित आवृत्तीपासून करावी. ती पूर्ण पाहून झाल्यावर व्यक्तिरेखा आरंभी कोठे होती, कोणत्या निर्णयाने वळली आणि शेवटी कोठे पोहोचली, हे एका वाक्यात लिहून काढावे. वगळलेली दृश्ये आधी पाहिली, तर त्यांतील माहिती नकळत या वाक्यात शिरते आणि मग प्रदर्शित चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा होता की नाही, हे सांगता येत नाही. हे वाक्य लिहिताना मधला निर्णय सापडतच नसेल, तर कात्री तेथेच चालली असण्याची शक्यता बरीच असते.

रिडली स्कॉट यांच्या 'किंग्डम ऑफ हेवन' (2005) या चित्रपटातील राणी सिबिला हे याचे ठळक उदाहरण. प्रदर्शित आवृत्तीत जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा मरण पावतो, त्याची बहीण सिबिला आपल्या नवऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवते आणि त्यानंतर ती एकाएकी खचते, स्वतःचे केस कापते, आरशात तिला भावाचा विद्रूप चेहरा दिसतो. प्रेक्षक याला भावाचा शोक समजतो, पण शोकाच्या मानाने हे कोसळणे फार मोठे वाटत राहते. जवळजवळ पाऊण तासाने लांब असलेल्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत सिबिलाला एक लहान मुलगा आहे. मामानंतर तोच राजा होतो. दस्तऐवजावर मोहोर उमटवताना वितळलेले गरम लाखेचे थेंब त्याच्या हातावर पडतात आणि त्याला काहीच जाणवत नाही. त्यालाही मामाचाच कुष्ठरोग झाला आहे, हे आईच्या लक्षात येते. भावाच्या वाट्याला आलेले भोग मुलाला भोगावे लागू नयेत, म्हणून ती त्याला स्वतःच्या हाताने विष देते. हे कथानक कापताना केस कापण्याचे आणि आरशाचे दृश्य मात्र मागे ठेवले गेले, म्हणजे परिणाम शिल्लक राहिला आणि कारण गेले. अशा ठिकाणी वगळणे अपायकारक होते, असे निःशंकपणे म्हणता येते.

दुसरी पायरी म्हणजे दृश्याची मूळ जागा शोधणे. सुटे दृश्य सुटेच पाहू नये. त्याच्या आधीची आणि नंतरची दहाएक मिनिटे पुन्हा लावून, ते मध्ये आहे असे धरून पाहावे. सुट्या दृश्यांत पार्श्वसंगीत नसते किंवा तात्पुरते असते, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्करण अपुरे असते, त्यामुळे ती उगाच संथ किंवा बटबटीत वाटतात. हा दोष दृश्याच्या माथी मारू नये.

जागा सापडली की दोन प्रश्न विचारावेत. या दृश्यामुळे पुढच्या कोणत्या कृतीचा अर्थ बदलतो? आणि व्यक्तिरेखेला जे अजून ठाऊक नाही, ते हे दृश्य प्रेक्षकाला आधीच सांगून टाकते का? जेम्स कॅमरॉन यांच्या 'एलियन्स' (1986) मध्ये या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच विस्तारित आवृत्तीत परस्परविरुद्ध दिशांना जातात. अंतराळयानात सत्तावन्न वर्षांच्या निद्रेनंतर जागी झालेल्या रिप्ली या नायिकेला आपली मुलगी दरम्यानच्या काळात म्हातारी होऊन वारली, असे कळते. अकराव्या वाढदिवसापर्यंत परत येईन, असे वचन तिने त्या मुलीला दिले होते. हे दृश्य आले की परग्रहावरच्या वसाहतीत वाचलेल्या न्यूट या पोरक्या मुलीसाठी शेवटी तिने हिंस्र परजीवांच्या वारुळात पुन्हा खाली उतरणे ही मोडलेल्या वचनाची भरपाई ठरते. ते नसताना रिप्लीचे धाडस पटते, पण ते कोणत्याही सहृदय माणसाचे धाडस वाटते. त्याच आवृत्तीत, वसाहतीवर हल्ला होण्यापूर्वीचे तेथील जीवन आणि न्यूटच्या आईवडिलांना सापडलेले परके यान दाखवणारा भागही परत घेतला आहे. त्यामुळे रिप्ली वसाहतीत पाऊल ठेवते तेव्हा प्रेक्षक तिच्या एक पाऊल पुढे असतो आणि तिची भीती तिच्याबरोबर अनुभवण्याऐवजी नुसता तिची वाट पाहत बसतो. मला पहिले दृश्य हवे आणि दुसरे नको. विस्तारित आवृत्ती सगळीच स्वीकारावी किंवा सगळीच नाकारावी, असे बंधन निदान पाहणाऱ्यावर तरी नाही.

स्वभावाशी न जुळणाऱ्या दृश्यांबाबत फार विचार करावा लागत नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ' या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात कॅप्टन विलर्ड एका बंडखोर कर्नलला ठार करायला नदीतून वर निघालेला असतो. त्याच्या 2001 मधील लांब आवृत्तीत तो वाटेत भेटलेल्या कर्नल किल्गोर या दुसऱ्या अधिकाऱ्याचा सर्फबोर्ड (लाटांवर स्वार होण्याची फळी) पळवतो आणि खोडकर हसतो. प्रसंग गमतीचा आहे, परंतु आतून आधीच पोखरला गेलेला माणूस इतक्या सहज हसू लागला, की नदीच्या उगमाकडे जाताना त्याच्यात होणारा बदल आपल्याला मोजता येत नाही.

यानंतर कात्री कोणी चालवली, हे पाहावे. दिग्दर्शकाने आणि संकलकाने लयीसाठी कापलेले दृश्य, निर्मितीसंस्थेने लांबीसाठी कापलेले दृश्य आणि सेन्सॉरने बदलायला लावलेले दृश्य यांना एकच माप लावता येत नाही, कारण तिसऱ्या प्रकारात बहुधा कापलेल्या जागी दुसरे काहीतरी बसवलेले असते. 'शोले'चा शेवट असाच बदलला. आणीबाणीच्या काळात, 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत ठाकूर गब्बरला संपवण्याच्या बेतात असताना पोलीस येऊन त्याला कायद्याची आठवण करून देतात. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला तुडवून त्याचा जीव घेतो आणि मग रडू लागतो. माझ्या मते या बदलाने ठाकूरचे नुकसान केले. ज्याने कायद्याची वाट सोडून दोन भुरट्या गुन्हेगारांना कामाला लावले आणि गब्बर जिवंतच हाती हवा असे त्यांच्याकडून वदवून घेतले, त्याचा अखेरचा निर्णय ऐन वेळी आलेला तिसराच माणूस घेतो. सूड पुरा होऊनही हाती काही उरले नाही, हे सांगणारे ते रडणेही त्याबरोबर गेले. पुनर्संचयित प्रतीत मूळ शेवट परत आला आहे. दोन्ही शेवट लागोपाठ पाहिल्यास हा फरक सहज दिसतो.

त्याच चित्रपटात गब्बर गावातल्या इमामसाहेबांच्या मुलाला, अहमदला, मारतो ते दृश्यही चित्रित झाले होते. अहमदची भूमिका सचिन पिळगांवकर यांची. प्रदर्शित चित्रपटात गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि त्यानंतर घोड्यावरून अहमदचे प्रेत गावात येते. येथे गब्बरचा प्रवास तपासू लागलो, तर हाती काही लागत नाही, कारण गब्बर पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलतच नाही. अशा व्यक्तिरेखेबाबत सुरुवातीला लिहिलेले वाक्य दुसऱ्या कोणाविषयी लिहावे, म्हणजे तिच्यामुळे जो बदलतो त्याच्याविषयी. येथे ते गावकऱ्यांविषयी लिहावे लागेल: जय आणि वीरू यांना गब्बरच्या हवाली करायला निघालेले गाव, मुलाच्या प्रेताशेजारी उभ्या असलेल्या आंधळ्या इमामसाहेबांच्या बोलण्याने मागे फिरते. त्या वळणासाठी अहमदचे प्रेत पुरेसे आहे. त्याचा छळ डोळ्यांनी पाहिला असता, तर प्रेक्षकाचे लक्ष इमामसाहेबांकडे जाण्याऐवजी गब्बरकडेच खिळून राहिले असते.