जुन्या साडीला कात्री लावण्याआधी

शिवणकाम येतं, घरात मशीन आहे, कपाटात आईच्या-आजीच्या साड्या पडून आहेत आणि 'यातून काहीतरी करूया' असं बरेच दिवस डोक्यात घोळतंय. हे वाचणाऱ्या बहुतेकींचं असंच असणार, म्हणून मी सुई ओवण्यापासून सुरुवात करत नाही. जुन्या कपड्यांच्या पिशव्या, बटवे, गोधड्या, उशांचे अभ्रे असं काम मी गेली सहा वर्षं करते आहे. पहिली दोन वर्षं तोट्यात गेली. त्या तोट्याचा मोठा वाटा एकाच चुकीचा आहे, आणि ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

२०२२ ची संक्रांत. ओळखीतल्या एका सोसायटीच्या महिला मंडळाने हळदीकुंकवाचं वाण म्हणून ७५ पिशव्या सांगितल्या. प्लास्टिकचे डबे वाटून कंटाळल्या होत्या बिचाऱ्या. एका पिशवीचे १४० रुपये. तोवरची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर! पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि आमच्याकडे येणाऱ्या बोहारणीकडून मिळून वीसेक साड्या गोळा केल्या. इरकली होत्या, नारायणपेठ होत्या, तीन-चार जुन्या रेशमी होत्या. काठ असे की बघत राहावं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालायचं. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, "अगं, तू झोपतेस कधी?"

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी फोन. "अहो, तुमची पिशवी मंडईत फाटली. दीड किलो मटार होते हो फक्त." मला वाटलं टाका सुटला असेल. म्हटलं, पाठवून द्या, शिवून देते. मग त्यांनी फोटो पाठवला. टाका जागच्या जागी होता. खांद्याला अडकवायचा बंद आणि त्याखालची फुलीची टीप, दोन्ही शाबूत. फाटलं होतं ते टिपेशेजारचं कापड, सरळ रेषेत, पोस्टाचं तिकीट भोकांवरून फाडावं तसं. आठवड्याभरात १९ पिशव्या परत आल्या. सगळे पैसे परत केले. बायका चांगल्या होत्या, कोणी बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा एक पिशवी घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या रफू आणि अल्टरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी टिपेकडे बघितलंही नाही. अस्तर उलटं केलं, साडीचं कापड उजेडाकडे धरलं, दोन्ही अंगठे शेजारी टेकवून जरासं ताणलं. चर्र. "ताई, हे कापड दमलंय. तुम्ही त्याला कामाला का लावलंत?"

आता या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं सोडलं तरी चालेल, पण एवढं वाचाच.

जुनं कापड दिसायला धडधाकट आणि आतून संपलेलं असू शकतं, विशेषतः रेशीम. घाम, ऊन आणि वर्षानुवर्षं एकाच रेषेवर पडलेली घडी, यांनी रेशमाचा धागा ठिसूळ होतो. घडीवर तर आधीच मोडलेला असतो, फक्त वेगळा झालेला नसतो. आमची आजी वर्षातून एकदा साड्या बाहेर काढून सावलीत वारा द्यायची आणि घडी बदलून ठेवायची. आम्ही हसायचो. सुती कापडाचं वेगळं. ते झिजून विरतं आणि विरलेलं दिसतं तरी. रेशीम दगा देतं, कारण त्याची झळाळी शेवटपर्यंत टिकते.

मी केलेली चूक एवढीच नव्हती. मी कापड ताणून बघितलं होतं, पण केव्हा? धुऊन पिळल्यावर, ओलं असताना. सुती कापड ओलं असताना कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतं. रेशमाचं आणि रेयॉनचं उलट, ती ओली झाली की कमजोर होतात. मी ओल्या इरकली ताणून बघितल्या, पास केल्या. रेशमी साड्या धुतल्याच नाहीत, रंग जाईल म्हणून. म्हणजे सुतीची परीक्षा सोपी घेतली आणि रेशमाची घेतलीच नाही. त्यावर कळस म्हणजे मी सगळ्या कापडाला मागून चिकटवायचं बक्रम इस्त्री केलं. बक्रम लागलं की मेलेलं कापडही कडक होतं, हाताला दमदार लागतं. तुम्ही फसता आणि गिऱ्हाईकही फसतं. वर पॉलिस्टरचा दोरा आणि अगदी बारीक टाका, का तर मजबुतीसाठी. जीर्ण कापडात बारीक टाका म्हणजे शेजारीशेजारी भोकं. दोरा तुटत नाही, तो कापडच कापतो.

आता माझी पद्धत अशी आहे. कापड आणलं की आधी उजेडासमोर धरायचं. जिथे धागे विरळ दिसतात तिथे खडूने फुली. मग धुवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि वाळल्यावर अंगठ्यांनी ताणायचं. एकदा उभ्या धाग्यात, एकदा आडव्या धाग्यात, कारण एका दिशेने उत्तम असलेलं कापड दुसऱ्या दिशेने चिरू शकतं. दर वीतभर अंतरावर, आणि प्रत्येक घडीवर. एका साडीला पंधरा मिनिटं जातात. जाऊ देत. जरासाही चर्र आवाज आला तर त्या भागावर वजन टाकायचं नाही. बक्रम सगळ्यात शेवटी.

साडीचाही एक नकाशा असतो. तो मला कुठल्याही वर्गात कोणी शिकवला नाही, शंभरेक साड्या उसवून कळला. कमरेला खोचायची वरची पट्टी घामाने गेलेली असते. पदराला खांद्याजवळ पिनांची भोकं. काठाला अगदी लागून असलेली अंगाची पट्टी तपासाच, कारण जरीच्या काठाचं वजन तिथे येतं आणि साडी काठाच्या कडेने लांबच्या लांब चिरते. चांगला माल मिळतो तो नेसताना आत जाणाऱ्या पहिल्या वेढ्यात, आणि फॉल उसवल्यावर त्याखाली बरेचदा मूळ रंग तसाच सापडतो. जीन्सचं म्हणाल तर मांड्या आणि गुडघे सोडा, पोटरीचा भाग घ्या. शर्टाची पाठ. चादरीचा मधला भाग गेलेला असतो, कडा ठणठणीत. साडेपाच मीटरच्या साडीतून नऊ पिशव्या निघतील असा माझा कागदावरचा हिशेब होता. प्रत्यक्षात पाच निघतात, कधी चार.

घाबरू नका. दमलेलं कापड टाकायचं नाही, त्याला हलकं काम द्यायचं. गोधडीत हेच तर आहे. आपल्याकडे वाकळ म्हणा, लेवा म्हणा, जीर्ण धडुती आत थर म्हणून घालतात आणि सगळीकडून धावदोरा घालतात, म्हणजे ताण एका जागी न येता हजार टाक्यांत वाटला जातो. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या कवंद्या, सगळीकडे तेच. या बायका हे शास्त्र कधीपासून वापरताहेत आणि मी सातशे रुपयांचं बक्रम घेऊन बसले होते. विरलेल्या रेशमाचे बटव्याचे वरचे पदर करा, फ्रेममध्ये लावा, कापडी फुलं करा. बंद मात्र कायम नव्या कापडाचे किंवा जीन्सचे. इथे 'सगळं शंभर टक्के जुनंच' हा हट्ट सोडा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते.

कापड ओळखायला एक धागा काढून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, जळक्या केसांचा वास म्हणजे रेशीम, वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. हे घरी. बाजारात काडी पेटवत बसू नका, ओरडा खाल. आमची बोहारीण नुसतं बोटांत चुरगाळून सांगते, "हे टेरीकॉट हाय, तुमच्या कामाचं न्हाई." तिच्याकडून कपडे विकत घ्यायला लागले तेव्हा तिला हसू आवरेना, कारण आयुष्यभर ती भांडी देऊन कपडे नेत आली. पहिल्या वर्षी मी तिच्याशी वीस-वीस रुपयांसाठी घासाघीस करायचे. आता लाज वाटते. कापडाचं जेवढं तिला कळतं तेवढं मला अजून कळत नाही. खऱ्या जरीच्या साड्या मात्र तिच्याकडे फार टिकत नाहीत. जुन्या जरीत चांदी असते, आणि ती काढणारे आपल्याआधी पोचतात.

नव्या साड्यांची जर बहुधा प्लास्टिकवर मुलामा दिलेली असते. इस्त्री जरा जास्त तापली की काठ आक्रसतो. मधे सुती फडकं ठेवा.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे विसरा. एकदा रंगून झालेल्या कापडाचा रंग मीठ धरून ठेवत नाही. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासा, रुमालाला रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाशेजारी जोडायचं नाही, संपलं.

जीन्सला १६ नंबरची सुई, सुतीला १४, रेशमाला ११. एकाच सुईने तिन्ही शिवणाऱ्यांचं मशीन चांगलं असतं म्हणून चालतं, त्यांचं बघून शिकू नका.

आता गुरूंबद्दल. मी सुरुवातीला दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला साडेचार हजार भरले होते. तिथे गोंदाने कापडी फुलं चिकटवायला शिकवली, चहा छान होता आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. ते प्रमाणपत्र आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने मागितलेलं नाही. त्या पैशात मला रफूवाल्या काकांकडे महिनाभर दुपारी बसता आलं असतं. नंतर बसलेच, फुकट, फक्त त्यांच्या बटणांचे डबे लावून द्यायचे. मोबाईलवरच्या दहा मिनिटांत पिशवी शिवून दाखवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. ती पिशवी पुढच्या महिन्यात कोणी दाखवत नाही. माझं मत पूर्वग्रहदूषित असेल, असू दे.

पैशांचं. कपडा स्वस्त मिळतो म्हणून वस्तू स्वस्त, हा हिशेब चुकीचा आहे. साडी १२० रुपयांना मिळाली तरी धुणं, तपासणं, उसवणं, टाकाऊ भाग कापणं यात दोन तास जातात. नव्या कापडाला हे काहीच नाही. मी १४० रुपयांना पिशवी दिली तेव्हा तासाला तीस रुपयेही सुटले नव्हते, हे मला नंतर वहीत लिहिताना दिसलं. तेव्हा वहीत आधी वेळ लिहा, मग अस्तर, चेन, रनर, दोरा, आणि मग भाव ठरवा. प्रदर्शनात लोक म्हणणार, "जुन्या कपड्याची आणि साडेचारशे?" पहिल्यांदा रडू येतं, विसाव्यांदा येत नाही. कोणी दबक्या आवाजात विचारेल, "मेलेल्या माणसाचे तर नाहीत ना हो हे?" खरं ते सांगा: माहीत नाही, स्वच्छ धुतलेले आहेत. निम्मे लोक तरीही घेतात. स्टॉलचं भाडं भरण्याआधी मात्र तिथे एकदा नुसतं फिरून या. एका प्रदर्शनात मला जिन्याखालची जागा मिळाली होती आणि तीन दिवसांत दोन बटवे गेले.

गेलेल्या आईच्या साड्यांची गोधडी करून द्या, अशा ऑर्डरी येतील. फार भरून येतं त्या घेताना. पण साडीचा प्रत्येक भाग दाखवून, कुठे जीर्ण आहे ते सांगून, काय कापणार याचा फोटो पाठवून, त्यांचं 'हो' आल्याशिवाय कात्री उचलू नका. ती साडी बाजारात पुन्हा मिळत नाही. मी अशा दोन ऑर्डरी नाकारल्या आहेत. एकींना नुसती साडी धुऊन, घडी बदलून, मलमलीत गुंडाळून परत दिली. त्यांनी गोधडीचे म्हणून पैसे देऊ केले, मी फक्त मलमलीचे घेतले.

पहिले तीन महिने विकू नका, वापरा. पहिल्या दहा पिशव्या घरच्यांना, शेजारणींना द्या आणि सांगा, कांदे-बटाटे भरून आणा, धुवा, आपटा. कुठे फाटते ते बघा. माझ्या परत आलेल्या १९ पिशव्यांपैकी एक मी मशीनच्या वर खिळ्याला लावून ठेवली आहे. जांभळी, आणि काठ अजूनही चकाकतो.

आणि जुन्या बाजारात जाणार असाल तर तो बुधवारी आणि रविवारी भरतो. सुट्टे पैसे न्या, एक पांढरा रुमाल आणि पाण्याची बाटली न्या, आणि सकाळीच जा. संध्याकाळी दिव्याखाली सगळ्याच साड्या चांगल्या दिसतात. विरलेली जागा उन्हाकडे धरल्याशिवाय कळत नाही.